हातात किती?

शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला, म्हणजे अख्खं ऑफिस वीकेंडच्या मूडमध्ये असताना, माझ्या मेलबॉक्समध्ये ऑफर लेटर येऊन पडलं. नवी कंपनी, बंगळुरू, आणि आकडा... मी तो तीनदा वाचला. ११ लाखांचे थेट १५ लाख! वॉशरूममध्ये जाऊन एक छोटासा डान्सही करून आले. सोमवारी दुपारपर्यंत ‘हो’ किंवा ‘नाही’ कळवायचं होतं. त्यात कळवायचं काय, असं तेव्हा वाटलं होतं.

रविवारी डोंबिवलीला मामाकडे जेवायला गेले. पेढे घेऊनच. मामा बँकेतून कॅशियर म्हणून रिटायर झालाय. आयुष्यभर लोकांच्या नोटा मोजल्या आणि स्वतःसाठी जमवली ती जुनी नाणी. मी ऐटीत पंधरा लाखांचा आकडा सांगितला. मामी म्हणाली, ‘‘अगं बाई, छानच!’’ मामाने पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, ‘‘हातात किती?’’

आपल्याकडच्या प्रत्येक घरात हा प्रश्न विचारणारा एक तरी माणूस असतो. मी म्हटलं, ‘‘मामा, आता सगळं सीटीसीमध्ये बोलतात रे.’’

‘‘बोलू देत की,’’ तो म्हणाला, ‘‘हातात किती ते सांग.’’

खरं सांगू? मला सांगता आलं नाही. मी लेटरची पहिली दोन पानंच नीट वाचली होती. तिसऱ्या पानावर तक्ता होता आणि तक्ता कोण वाचतं?

मामा उठला, कपाटातून फाइल काढून आणली. त्यातल्या प्लॅस्टिकच्या खिशांतून दोन नाणी काढून त्याने माझ्या तळहातावर ठेवली. एक चांदीचं. आपल्या हल्लीच्या रुपयापेक्षा किंचित लहान, पण जाड. दुसरं तपकिरी, कडेला चिरलेलं, बसच्या तिकिटाबरोबर सुट्टे म्हणून मिळालं तर कंडक्टरला परत देऊ असं.

‘‘ओळख बघू,’’ मामा म्हणाला. ‘‘यातलं एक डिनेरियस आहे आणि दुसऱ्याची किंमत दोन डिनेरियस होती.’’

मी अर्थातच चांदीचं नाणं दोन डिनेरियसचं, असं सांगितलं. मामा खूश झाला. सापळा नीट लागला होता.

नाव दहाचं, भाव सोळाचा

डिनेरियस. लॅटिन उच्चार ‘देनारिउस’च्या जवळ जाणारा. अर्थ साधा आहे, ‘दहावालं’. रोमन लोकांनी हे चांदीचं नाणं इ.स.पूर्व २११ च्या सुमारास काढलं. हॅनिबल इटलीत धुमाकूळ घालत होता आणि रोमची तिजोरी रिकामी होत आली होती, तो हा काळ. एक डिनेरियस म्हणजे दहा ‘आस’. आस हे तिथलं छोटं नाणं, आपल्या ‘आस लावून बसणे’शी त्याचा काही संबंध नाही. नाण्यावर दहाचा रोमन आकडाही असायचा, फुलीसारखा. म्हणजे किंमत नावातही आणि तोंडावरही.

पुढे साधारण सत्तर वर्षांत, इ.स.पूर्व १४१ च्या सुमारास, सरकारने भाव बदलला. एक डिनेरियस म्हणजे सोळा आस. पण नाव? तेच. ‘दहावालं’ नाणं सोळाला जायला लागलं आणि कोणाला काही खटकलं नाही. शब्द जागेवर आणि किंमत हलती, ही त्या नाण्याची पहिली झलक. पुढे सगळा चित्रपट याच लाइनवर आहे.

सैन्याच्या पगाराच्या हिशेबात मात्र डिनेरियस दहा आसांचाच धरायचे, असं प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने लिहून ठेवलंय. बाजारात सोळा, पगारात दहा. वाचताना मला आमच्या कॅन्टीनची कुपनं आठवली.

दोन हजार वर्षांपूर्वीची सॅलरी स्लिप

आता जरा बसूनच वाचा. इस्रायलमध्ये मृत समुद्राच्या काठी मसादा नावाचा डोंगरी किल्ला आहे. इ.स. ७० च्या दशकात रोमन फौजेने त्याला वेढा घालून तो जिंकला. १९६३ ते १९६५ या काळात तिथे उत्खनन झालं आणि त्यात पपायरसचे तुकडे मिळाले. त्यातला एक तुकडा म्हणजे चक्क पगाराचा हिशेब! गायस मेस्सियस नावाच्या सैनिकाचा, गाव बैरूत.

या भाऊंचा हप्ता ५० डिनेरियस. त्यातून कापलेले बार्लीचे १६. (म्हणजे बहुधा घोडा होता, त्याचा चारा यांच्या पगारातून.) जेवणाचे २०. बुटांचे ५. चामड्याच्या पट्ट्यांचे २. लिननच्या अंगरख्याचे ७.

करा बेरीज. मी मोबाइलवर केली, मामाने तोंडी. पपायरस फाटका आहे, पण वाचता येणाऱ्या आकड्यांची बेरीज होते ५०. पगार पन्नास, कपात पन्नास. हातात किती? शून्य!

मी आधी हसले, मग जरा गप्प झाले. या माणसाने रणरणत्या उन्हात वेढ्याचं काम केलं असणार आणि हप्त्याच्या दिवशी त्याला कागद मिळाला. हिशेब चोख आणि खिसा रिकामा.

इजिप्तमध्येही इ.स. ८१ चा असाच एक पपायरस सापडलाय. तिथे हिशेब द्राख्मा या स्थानिक नाण्यात आहे. हप्ता २४८ द्राख्मा. जेवणाचे ८० वजा, बुटांचे वजा, कपड्यांचे वजा. आणि एक आयटम तर फ्रेम करून एचआरच्या भिंतीवर लावावा असा. छावणीतल्या सॅटर्नेलियाच्या सणासाठी २० द्राख्मा! ऑफिस पार्टीचं कॉन्ट्रिब्युशन पगारातून कापून घ्यायची आयडिया आपल्या ॲडमिनची नाही, हे वाचून मला फार बरं वाटलं.

एक मिनिट, मिठाचं काय?

‘सॅलरी’ हा शब्द मिठावरून आला आणि रोमन सैनिकांना पगारात मीठ मिळायचं, असा फॉरवर्ड तुम्हालाही आला असेल. पहिली गोष्ट बरोबर आहे. ‘सलारियुम’ या लॅटिन शब्दाचं नातं मिठाच्या ‘साल’शी आहे. पण सैनिकांना पगार म्हणून मीठ वाटायचे, याचा त्या काळातला पुरावा नाही. पगार नाण्यांत मोजायचे आणि ते नाणं होतं डिनेरियस. मेस्सियसच्या कपातीत मीठ कुठेही नाही.

‘एक दिवस, एक डिनेरियस’

सम्राट ऑगस्टसच्या काळात रोमन लीजनमधल्या साध्या सैनिकाचा पगार होता वर्षाला २२५ डिनेरियस, तीन हप्त्यांत. दिवसाचा हिशेब केला तर दहा आस. पाँपेईतल्या एका गुत्त्याच्या भिंतीवर दर लिहिलेले सापडलेत. साधी वाइन एक आस, बरी वाइन दोन आस आणि फालेर्नियन हा उंची माल चार आस. म्हणजे दिवसभर शिरस्त्राण घालून उभं राहिल्यावर उंची वाइनचे अडीच पेले. तेसुद्धा बूट, कपडे, जेवण यातलं काहीच कापलं नाही तर.

इ.स. १४ मध्ये ऑगस्टस वारला आणि पॅनोनियाच्या, म्हणजे आजच्या हंगेरी-स्लोव्हेनियाच्या पट्ट्यातल्या छावणीत बंड झालं. पुढारी होता पर्सेनियस नावाचा साधा सैनिक. आधी तो नाट्यगृहात पैसे घेऊन टाळ्या पिटणाऱ्यांचा म्होरक्या होता, असं इतिहासकार टॅसिटस सांगतो. म्हणजे पब्लिक कसं पेटवायचं याचा साहेबांना अनुभव होता. त्याच्या भाषणाचा टॅसिटसने दिलेला सूर असा, की आमचा जीव आणि शरीर मिळून किंमत लावली दिवसाला दहा आस. त्यातूनच कपडे घ्या, शस्त्रं घ्या, तंबू घ्या आणि सेंच्युरियनचा मार चुकवायला त्याचेही हात ओले करा. मागणी काय? रोज एक डिनेरियस आणि सोळा वर्षांनी सुट्टी.

एक डिनेरियस म्हणजे सोळा आस. दहावरून सोळा म्हणजे ६० टक्के इन्क्रिमेंट! आपण दोन आकडी हाइक मिळाली की स्टेटस टाकतो.

पुढे काय झालं? नव्या सम्राटाचा मुलगा ड्रुसस समजूत काढायला आला. त्याच रात्री चंद्रग्रहण लागलं, सैनिक घाबरले, एकी फुटली. पर्सेनियसला ठार केलं. पगार वाढला तो तब्बल सत्तर वर्षांनी, डोमिशियन या सम्राटाच्या काळात, २२५ वरून ३००. म्हणजे ३३ टक्के. पर्सेनियसच्या बंडातल्या तरुण पोरांपैकी तो घ्यायला कोण उरलं असणार?

आणि मधल्या सत्तर वर्षांत आणखी एक गोष्ट घडली होती. ती कुठल्याही स्लिपवर दिसत नव्हती.

लंकेचा राजा आणि नीरोचा फंडा

प्लिनीने सांगितलेला एक किस्सा मला फार आवडतो. सम्राट क्लॉडियसच्या काळात एका रोमन करवसुली ठेकेदाराचा माणूस वादळात भरकटून श्रीलंकेला पोचला. तिथल्या राजाने त्याच्याजवळचे डिनेरियस बघितले. नाण्यांवर वेगवेगळ्या सम्राटांचे चेहरे, पण वजन सगळ्यांचं सारखं. राजा एवढ्यावरच खूश. राजे बदलले तरी वजन बदलत नाही म्हणजे ही माणसं प्रामाणिक असणार! म्हणून त्याने रोमला वकील पाठवले.

ही नाणी आपल्या बाजूलाही येत होती. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात भडोच बंदराचं वर्णन आहे. तिथे रोमन सोन्या-चांदीचे डिनेरियस स्थानिक पैशांत बदलले की थोडा नफा सुटतो, असं त्याचा लेखक लिहितो. त्या बंदरात माल कुठून यायचा? पैठणहून आणि तेरहून. म्हणजे पैठणच्या कुणा व्यापाऱ्याने डिनेरियस बोटांवर तोलून बघितला असेल, हे अगदीच स्वप्नरंजन नाही. प्लिनी तर रडतो की भारत दरवर्षी आमचे पाच कोटी सेस्टर्स ओढून घेतो. चार सेस्टर्सचा एक डिनेरियस, म्हणजे सव्वा कोट डिनेरियस. मिरी आणि मलमल यांचं वेड, दुसरं काय!

आणि मग आला नीरो. इ.स. ६४. त्याच वर्षी रोमला भीषण आग लागली होती. नीरोने काय केलं? एका रोमन पौंड चांदीत ८४ डिनेरियस पडायचे, ते ९६ पाडायला लावले. वर चांदीत तांबं मिसळलं. जवळजवळ शुद्ध असलेलं नाणं ८० टक्क्यांच्या आसपास आलं. नाव डिनेरियसच. सैनिकाचा पगारही २२५ च. कागदावर एक आकडाही बदलला नाही, पण प्रत्येकाच्या हातातली चांदी कमी झाली. आहे की नाही फंडा?

दक्षिण भारतात रोमन डिनेरियसचे मोठे साठे सापडलेत, कोइमतूरच्या परिसरात तर भरपूर. त्यांत बहुसंख्य नाणी ऑगस्टस आणि टायबेरियस यांची, म्हणजे नीरोच्या आधीची. भारतीय व्यापारी जुनी, वजनदार नाणीच पसंत करत होते, असं बरेच अभ्यासक मानतात. रोमच्या नागरिकाला पर्याय नव्हता. आपल्या लोकांनी बहुधा तराजू काढला.

मामाने मला दाखवलेलं चांदीचं नाणं टायबेरियसचंच होतं.

दोनाचं, पण चांदी कुठाय?

नंतरच्या सम्राटांना ही युक्ती भलतीच सोयीची वाटली. सैन्याचा पगार वाढवायचा आणि नाण्यात तांबंही वाढवायचं. सेप्टिमियस सेव्हरसने दुसऱ्या शतकाच्या अखेरीस चांदी निम्म्यावर आणली. इ.स. २१५ मध्ये कॅराकॅलाने नवं नाणं काढलं. सम्राटाच्या डोक्यावर सूर्यकिरणांसारखा मुकुट. किंमत, अभ्यासकांच्या मते, दोन डिनेरियस. आतली चांदी मात्र दीडाच्या आसपास. आणि २६० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत तर या ‘दोनवाल्या’ नाण्यात ५ टक्केसुद्धा चांदी उरली नाही. वरून पातळ रुपेरी झाक, ती चार हात लागले की उडायची.

माझ्या तळहातावरचं तपकिरी नाणं तेच होतं, सम्राट गॅलिएनसचं. दोन डिनेरियस! लेटरवरचा आकडा डबल, आत तांबं.

शेवटी काय झालं तेही सांगते. इ.स. ३०१ मध्ये सम्राट डायोक्लेशियनने महागाई रोखायला हुकूम काढला. हजारेक वस्तूंचे आणि कामांचे कमाल दर. न्हाव्याने गिऱ्हाइकामागे दोन डिनेरियस घ्यायचे. शेतमजुराला जेवण आणि दिवसाला २५. लिहायला-वाचायला शिकवणाऱ्या मास्तरांना दर मुलामागे महिन्याला ५०. वकिलाने खटला चालवला तर १०००. (वकील तेव्हाही महागच.) जास्त दर लावला तर मृत्युदंड. तरीही माल बाजारातून गायब झाला आणि हुकूम बारगळला, असं त्याच काळातल्या लॅक्टँटियसने लिहिलंय. हा लेखक डायोक्लेशियनचा कट्टर विरोधक होता, हे ध्यानात ठेवून वाचायचं.

एकच आकडा सांगते. ऑगस्टसच्या काळात एक रोमन पौंड सोनं सुमारे १,००० डिनेरियसला पडायचं. या हुकुमात त्याचा दर आहे ७२,००० डिनेरियस. आणि गंमत म्हणजे तोपर्यंत डिनेरियस नावाचं चांदीचं नाणं पाडणं बंदच झालं होतं! तो फक्त हिशेबापुरता उरला होता. नाणं गेलं, शब्द राहिला. लोक हातात कधीच न येणाऱ्या डिनेरियसमध्ये पगार मोजत होते. मला माझ्या लेटरमधलं ‘व्हेरिएबल’ आठवलं.

डायोक्लेशियननंतर काही वर्षांतच कॉन्स्टंटाइनने सोन्याचं ‘सॉलिडस’ काढलं. एका पौंडात बरोबर ७२. नाव ‘घट्ट, भक्कम’ अशा अर्थाचं आणि नाणंही तसंच. सुमारे सातशे वर्षं त्याच्या सोन्यात मोठी भेसळ झाली नाही. इंग्रजीतला ‘सोल्जर’ त्याच सॉलिडसवरून आलाय, पगारासाठी लढणारा.

शब्द मात्र मरत नाही

बिचारा डिनेरियस. चांदी गेली, पण शब्दाने जग पालथं घातलं. अरबांचा दिनार त्याचाच. स्पॅनिश दिनेरो, इटालियन देनारो. पोर्तुगीजमध्ये पैशाला ‘दिन्येरू’ म्हणतात, म्हणजे गोव्यात साडेचारशे वर्षं सरकारी हिशेबात डिनेरियसचा नातू वावरत होता. संस्कृतात तो ‘दीनार’ होऊन पार गुप्तकाळातल्या लेखांमध्ये जाऊन बसला, तोही सोन्याच्या नाण्याचं नाव म्हणून. इंग्लंडमध्ये पेनीची खूण १९७१ पर्यंत ‘पी’ नव्हे तर ‘डी’ होती. ती डिनेरियसचीच.

आजही कुवेतचा दिनार जगातल्या सगळ्यात महाग चलनांत मोडतो आणि शेजारच्या इराकच्या दिनारला रुपयाचाही भाव नाही. दोघांचं आडनाव एकच. गोव्या-कोकणातून आखातात गेलेल्यांना हे नव्याने सांगायला नको. ‘पगार दिनारमध्ये आहे’ म्हटलं की त्यांच्या घरचे पहिलं विचारतात, ‘‘कुठल्या?’’

तिसरं पान

तर रविवारी रात्री मी लेटरचं तिसरं पान उघडलं. मेस्सियससारखी यादी केली.

पंधरा लाख. त्यातून व्हेरिएबल ३ लाख, तेही ‘कंपनीच्या आणि तुमच्या कामगिरीनुसार’. कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून ९० हजार. इन्शुरन्स १८ हजार. जॉइनिंग बोनस १ लाख, दोन वर्षांच्या आत सोडलं तर परत. उरले ९ लाख ९२ हजार. सध्याच्या अकरा लाखांची अशीच यादी केली. उरले ९ लाख ६० हजार.

भागिले बारा. फरक महिन्याला साधारण २,७००. आणि बंगळुरूत घरभाडं? मैत्रीण शेअरिंगमध्ये २२ हजार भरते. सध्या मी आई-बाबांकडे राहते. माझं भाडं म्हणजे रविवारी भाजी आणणं.

म्हणजे चार लाखांची वाढ मिळून मी महिन्याला १९ हजारांनी गरीब होणार होते. पेढ्यांचा खर्च वेगळा.

सोमवारी सकाळी मी त्या कंपनीच्या एचआरला फोन केला. घसा कोरडा पडला होता, खोटं कशाला बोलू? म्हटलं, आकडा मोठा नको, पण व्हेरिएबलमधलं काही फिक्स्डमध्ये टाका. ‘‘तुमचं लेव्हल बघता शक्य नाही,’’ पासून सुरुवात झाली. मी धरून बसले. चंद्रग्रहण वगैरे काही लागलं नाही. संध्याकाळी नवं लेटर आलं. सीटीसी पंधराच, व्हेरिएबल दीड लाख, बाकीचं फिक्स्डमध्ये. म्हणजे महिन्याला आणखी साडेबारा हजार.

तरीही भाडं भरल्यावर मी सध्यापेक्षा थोडी तोट्यातच राहणार आहे. आणि तरीही मी ‘हो’ म्हटलंय. कारण काम मला हवं होतं तसं आहे आणि एकदा तरी स्वतःच्या घराला स्वतः कुलूप लावून निघायचंय. हे मला हवंय आणि त्याला महिन्याला किती पडतात ते आता मला रुपयांत माहीत आहे. पर्सेनियसला राग पगाराचा होताच, पण त्याहून जास्त राग आपली किंमत दुसऱ्यानेच ठरवून टाकल्याचा होता, असं मला वाटतं.

रात्री मामाला फोन केला. सगळी यादी वाचून दाखवली, कपातीसकट. त्याने मध्ये एकदाही टोकलं नाही. शेवटी म्हणाला, ‘‘बरं. जाण्याआधी एकदा येऊन जा. ते गॅलिएनसचं नाणं तुला देऊन टाकतो.’’

‘‘मामा, चांदीचं दे ना!’’

‘‘चांदीचं लग्नात,’’ तो म्हणाला. ‘‘हे पाकिटात ठेव. पुढचं ऑफर लेटर आलं की आधी याला दाखव.’’